‘तुम्ही बसा, आम्ही करतो’

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की पहिले पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नसते. शहाळी येतात, बिस्किटांचे पुडे येतात, कोणाच्या तरी मेव्हण्याला कुठल्या तरी गावच्या औषधाने आठ दिवसांत कसा गुण आला त्याची हकिकत येते. खाटेभोवती खुर्च्या मांडल्या जातात आणि विचारपूस सुरू होते. ‘काकू, काकांचं आता कसं आहे?’ ‘जेवण जातं का त्यांना?’ ‘ओळखतात का सगळ्यांना?’ काका समोरच बसलेले असतात. त्यांना ऐकू येतं, बरंचसं कळतंही. पण प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. उत्तरं काकू देतात, पाहुणे माना हलवतात आणि उठताना काकांच्या खांद्यावर थोपटून ‘आता फक्त आराम करायचा’ असं बजावून जातात.

यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची रीत चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे. तरीही स्पष्ट बोलायचं तर पक्षाघाताने माणसाचं अर्धं अंग जातं आणि उरलेलं अर्धं आपण काढून घेतो. काढून घेतो तेही मायेने. घास भरवतो, बटणं लावतो, त्याच्या वतीने बोलतो, त्याच्या पासबुकात डोकावतो, लग्नाची बोलणी त्याला न विचारता ठरवतो आणि या सगळ्याला सेवा म्हणतो. दोन वर्षांनी तोच माणूस कोपऱ्यातल्या खाटेवरून भिंतीकडे बघत बसलेला दिसला की म्हणतो, ‘काय करणार, वारं गेलं ना अंगावरून!’

वारं गेलं हे खरं. पण खाट कोपऱ्यात कोणी सरकवली?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने अडला किंवा रक्तवाहिनी फुटली, की तो भाग सांभाळत असलेलं काम थांबतं. गुठळी असेल तर पहिल्या साडेचार तासांत ती विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं. म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वाट न बघता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात धाव घ्यायची, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालं आहे. २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनाला दरवर्षी तेच छापून येतं, आणि यायलाच हवं. पण त्या साडेचार तासांतून वाचलेल्या माणसाला पुढे दहा-पंधरा वर्षं काढायची असतात. त्या वर्षांबद्दल कोणी फारसं लिहीत नाही.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मात्र मेंदूचे शाबूत राहिलेले भाग काही प्रमाणात ते काम अंगावर घेऊ शकतात. पाट फुटला की शेतकरी बाजूने नवी चारी काढून पाणी वळवतो, तसंच काहीसं हे आहे. आणि चारी काढायची तर रोज फावडं मारावं लागतं. तेच ग्लास उचलणं, तेच बटण, तीच पायरी, शेकडो वेळा. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढे तो मंदावतो, पण थांबत नाही. ‘सहा महिन्यांत जे व्हायचं ते झालं’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की ते कुठल्या तरी औषधाच्या बाटलीवर छापलेलं असावं अशी शंका येते. त्या वाक्यानंतर व्यायाम बंद पडतात आणि मग ते वाक्य आपोआप खरं ठरतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या. माकडाने तो हात वापरणंच सोडून दिलं. पण धडधाकट हात बांधून ठेवल्यावर त्याच निकामी समजलेल्या हाताने ते खाणं उचलू लागलं. हात हलू शकत होता. सुरुवातीला जमलं नाही म्हणून न वापरण्याची सवय जडली होती. (त्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून १९८१मध्ये टॉब यांच्यावर खटला झाला. तो स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे.) यातूनच पक्षाघाताच्या रुग्णांसाठी एक उपचार निघाला. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि दुबळ्या हाताकडून दिवसचे दिवस काम करून घ्यायचं. ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल उरली आहे अशांना त्याचा उपयोग होतो, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं.

आता आपल्या घरातली पद्धत बघा. रुग्णाने दुबळा हात पाण्याच्या तांब्याकडे नेला की तीन जणी धावतात. ‘अहो, तुम्ही बसा, मी देते ना!’ तांब्या मिळतो, हात परत मांडीवर जातो. टॉब यांच्या माकडाला जी सवय नसा तुटल्यामुळे लागली, ती आपण माणसाला प्रेमाने लावतो.

याचा अर्थ रुग्णाला उठवून फरफटवा असा नाही. पहिल्या चोवीस तासांतच त्याला वारंवार उभं करण्याचा अतिउत्साह उलट नडतो, हेही एका मोठ्या चाचणीत २०१५मध्ये दिसून आलं. लुळा हात धरून ओढून उठवलं तर खांदा निखळतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. गिळायला त्रास असताना आडव्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. या गोष्टी जाणकाराकडून शिकून घ्याव्या लागतात. माझा वाद मदतीशी नाही. माणसाला जे जमू शकतं तेही करून टाकणाऱ्या मदतीशी आहे.

इंग्लंडमधल्या एका खेड्याने हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी कसा सोडवला, ते सविस्तर सांगण्याजोगं आहे.

पॅट्रिशिया नील ही हॉलिवूडची अभिनेत्री. ‘हड’ या चित्रपटासाठी तिला ऑस्कर मिळालं होतं. फेब्रुवारी १९६५मध्ये, ३९व्या वर्षी, गरोदर असताना तिच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुटल्या. शस्त्रक्रिया झाली, ती तीन आठवडे बेशुद्ध होती. जागी झाली तेव्हा उजवी बाजू निकामी होती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिचा नवरा लेखक रोआल्ड डाल. मुलांच्या गोष्टींसाठी जग त्याला ओळखतं. तो तिला बकिंगहॅमशर परगण्यातल्या ग्रेट मिसेंडन या आपल्या गावी घेऊन आला. तिथे त्याच्या लक्षात आलं की तज्ज्ञांचा उपचार मिळाला तरी तो थोडाच वेळ मिळणार. दिवसाचे बाकीचे तास ही बाई भिंतीकडे बघत काढणार.

त्याने शेजाऱ्यांना हाक दिली. गावातल्या मैत्रिणी, ओळखीपाळखीच्या बायका पाळीपाळीने तासतासभर येऊ लागल्या. एक जण वाचायला शिकवायची, दुसरी बेरजा घालायची, तिसरी चित्रांचे तुकडे जुळवायला बसवायची. दिवसाला सहा-सहा तास हे चालायचं. यांत परिचारिका किंवा वैद्यकीय शिक्षण घेतलेलं कोणी असायला हवं अशी अटच नव्हती. याच शेजारणींपैकी एक व्हॅलरी ईटन ग्रिफिथ. घरी म्हाताऱ्या वडिलांचं बघत असलेली बाई. तिचं आणि नीलचं सूत जमलं. पुढे नील तिच्या घरी जाऊन बसू लागली. गप्पा, शब्दकोडी, वर्तमानपत्रातल्या बातम्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नीलला मुलगी झाली. १९६७मध्ये ती न्यूयॉर्कला मोठ्या सभेपुढे भाषणाला उभी राहिली. त्या भाषणाची तयारी ग्रिफिथनेच तिच्याकडून करून घेतली होती. १९६८मध्ये ‘द सब्जेक्ट वॉज रोझेस’ हा चित्रपट आला आणि नीलला पुन्हा ऑस्करचं नामांकन मिळालं.

डालची रीत कठोर होती. वस्तूचं नाव घेतल्याशिवाय ती हातात द्यायची नाही, असला खाक्या. नीलला त्याचा रागही यायचा, आणि तो यावा असंच ते वागणं होतं. त्याचं सगळंच अनुकरण करा असं मी सांगणार नाही. पैसा, प्रसिद्धी, मोठं घर हेही त्यांच्याकडे होतं. पण त्या गोष्टीतला जो भाग माझ्या मनात घर करून आहे तो ग्रिफिथचा. ना पदवी, ना पगार. तिने पुढे दुसऱ्या रुग्णांसाठी तेच काम चालू ठेवलं, अनुभवावर पुस्तक लिहिलं, आणि १९७३मध्ये तिच्या धडपडीतून ब्रिटनमध्ये पक्षाघातग्रस्तांसाठी स्वयंसेवकांची योजना सुरू झाली. बोलणं गेलेल्या माणसाकडे आठवड्यातून ठरल्या दिवशी ठरल्या वेळी जायचं, त्याच्याशी बोलायचं, खेळायचं, त्याला बाहेर न्यायचं. बस, एवढंच.

आपल्याकडे हे कोण करतं? घरातली एक बाई. बायको, नसेल तर सून, नाही तर लग्न न झालेली मुलगी. तिची झोप, तिची नोकरी, तिची पाठ, यांतलं काहीच हिशेबात धरलं जात नाही. ‘किती करते हो त्यांचं!’ असं म्हटलं की आपण मोकळे. भारतातल्या १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला आणि २०१७मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरच्या माणसाला व्यायाम आणि काळजी शिकवून दिली तर रुग्ण जास्त स्वावलंबी होतो का, असा प्रश्न होता. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यूंत किंवा परावलंबनात काही फरक पडलेला नव्हता. पुनर्वसनच निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. माझ्या लेखी त्याचा अर्थ असा, की आधीच वाकलेल्या एका माणसाच्या पाठीवर फिजिओथेरपिस्टचंही ओझं टाकून भागत नाही. जास्त हात लागतात.

आणि तीच बाई आजारी पडली तर? नवऱ्याला पक्षाघात झाला की घर त्याच्याभोवती फिरतं. बायकोला झाला की घरात पहिला प्रश्न उठतो तो स्वयंपाकाचा. तिला रिक्षाने व्यायामाला नेणं महिन्याभरात परवडेनासं होतं. ती पोळ्या लाटू लागली की ‘बरी झाली’ असं जाहीर होतं, मग ती चार माणसांत बोलू शकते की नाही, एकटी देवळात जाऊ शकते की नाही, हे कोणी तपासत नाही. एका हाताने केस विंचरता येत नाहीत म्हणून तिचे केस कापून टाकतात. सोय होते, यात शंका नाही. पण आरशापुढे तिला काय वाटलं, हे किती घरांत विचारलं गेलं असेल? साडी नेसता येत नाही म्हणून गाऊन येतो, आणि गाऊनवर बाहेर जायचं नाही म्हणून बाहेर जाणंच संपतं. वास्तविक कपडे घालण्याची एक साधी युक्ती असते. आधी दुबळा हात बाहीत घालायचा, मग चांगला, काढताना उलट. पुढून वेल्क्रो लावलेला ब्लाउज गल्लीतली शिंपीण तासाभरात शिवून देईल. शिवलेली, चेनची साडीही मिळते. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, शेजारीण लागते.

बोलणं गेलेल्यांचे हाल सर्वांत जास्त. याला वाचाघात म्हणतात. डोक्यात विचार असतो, शब्द तोंडापर्यंत येत नाही किंवा भलताच येतो. ‘चहा’ म्हणायचं असतं आणि ‘छत्री’ म्हटलं जातं. लोक हसतात, नाही तर मोठ्याने ओरडून बोलतात, जणू माणूस बहिरा झाला आहे. त्याला खुळा ठरवायलाही वेळ लागत नाही.

आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत. उजवी बाजू गेलेली आणि बोलण्यात उरलेलं फक्त ‘ते… ते…’ आणि एक ‘हां’. पूर्वी ते भजनी मंडळात टाळ वाजवत. आजारानंतर घरच्यांनी त्यांना देवळात पाठवणं बंद केलं, लोक काय म्हणतील म्हणून. मंडळातल्या पखवाजवाल्याने एका एकादशीला सरळ घरी जाऊन त्यांना रिक्षात घातलं. दोन्ही हातांनी टाळ धरणं शक्य नव्हतं. त्याने टाळाची एक वाटी त्यांच्या उजव्या मांडीवर ठेवली, दोरी उजव्या बोटांत अडकवली आणि दुसरी वाटी डाव्या हातात दिली. पहिला अभंग तसाच गेला, ठेका चुकत होता. दुसऱ्याच्या ध्रुपदाला मंडळाचा आवाज चढला आणि त्यांच्या तोंडून ओळच्या ओळ निघाली. पूर्ण, स्वच्छ. शेजारी बसलेल्याने गाणं थांबवून त्यांच्याकडे बघितलं, तर पखवाजवाल्याने त्याला डोळ्यांनी दटावलं. चालू ठेव.

बायका म्हणाल्या, विठ्ठलाची कृपा. श्रद्धेला माझा आक्षेप नाही, पण त्यामागची यंत्रणाही समजून घेऊ या. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात. सुराचं बरंचसं काम उजवी बाजू सांभाळते, आणि वर्षानुवर्षं घोकलेले शब्द नव्याने जुळवलेल्या वाक्यापेक्षा वेगळ्या वाटेने बाहेर पडतात. म्हणून वाचाघात झालेला माणूस आरती म्हणू शकतो, एक ते वीस अंक मोजू शकतो, आणि पाणी मात्र मागू शकत नाही. बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी १९७३मध्ये याच आधारावर साधी वाक्यं सुरात म्हणवून घेण्याची उपचारपद्धती मांडली. त्या रात्री घरी परतल्यावर वाहकांना पाणी मागता आलं का? नाही आलं. चमत्कार झालाच नव्हता. पण पुढच्या एकादशीला ते स्वतः कपडे करून ओट्यावर येऊन बसले होते. मंडळातल्यांनी दोन गोष्टी पाळल्या. प्रश्न विचारायचा तो त्यांनाच, आणि विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत गप्प राहायचं. हे दहा अंक फार कठीण जातात. आपल्याला वाक्य पूर्ण करून द्यायची इतकी घाई असते! हळूहळू ‘हां’ला ‘नको’ जोडलं गेलं. ‘नको’ म्हणता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते दोन वर्षं ‘नको’ न म्हणता आल्याशिवाय कळायचं नाही.

पक्षाघातानंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं. घरच्यांच्या भाषेत ‘स्वभाव बदललाय’, ‘हट्टी झालाय’, ‘उगाच रडतो’. मेंदूला इजा झाल्यामुळे रडणं-हसणं आवरता न येणं हा एक वेगळा प्रकार असतो, त्याला औषध आहे. नैराश्यालाही आहे. परंतु ज्याला दिवसभरात एकही गोष्ट ठरवायची नसते त्याला नुसती गोळी किती पुरणार?

ठरवण्यावरून सही आठवली. उजव्या हाताचा पक्षाघात झाला की सही बदलते, कधी जमतच नाही. एका ओळखीच्या निवृत्त शिक्षकांना बँकेच्या खिडकीवरून ‘सही जुळत नाही’ म्हणून दोनदा परत पाठवलं गेलं. तिसऱ्यांदा मुलाने सुचवलं, ‘बाबा, कशाला हा त्रास, खातं माझ्या नावावर चालवू.’ रिझर्व्ह बँकेच्या सूचना या बाबतीत स्पष्ट आहेत. आजारी किंवा अपंग निवृत्तिवेतनधारकाला सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. सत्तरीपुढच्यांना आणि अपंगांना घरपोच बँकसेवा द्यावी असंही २०१७मध्ये सांगून झालं आहे. नियम आहेत, ते खिडकीशी उभं राहून सांगणारं कोणी नसतं. मुलाचा हेतू चांगला असेलही. मात्र ज्या दिवशी बापाची सही घरातून निघून जाते त्या दिवसापासून त्याच्या मताला किंमत राहत नाही, हे इस्टेटीची प्रकरणं पाहिलेला कुठलाही वकील सांगेल. साक्षीदार म्हणून सोबत जाणारा एक शेजारी इथे कुठल्याही टॉनिकपेक्षा उपयोगी पडतो.

स्वावलंबन म्हणजे सगळं एकट्याने करणं, ही समजूत मात्र सोडली पाहिजे. ती धडधाकट माणसांबद्दलही खरी नाही. लुई पाश्चर यांना १८६८ साली, ४५व्या वर्षी पक्षाघात झाला. डावी बाजू शेवटपर्यंत अधूच राहिली. रेबीजवरच्या लशीचं काम त्यानंतरचं आहे. प्रयोगशाळेत त्यांचे हात झाले ते एमिल रू आणि इतर सहकारी, आणि १८८५च्या जुलैमध्ये कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या मुलाला प्रत्यक्ष टोचणी केली ती डॉक्टर ग्रांशे यांनी, कारण पाश्चर वैद्य नव्हतेच. काय करायचं ते ठरवायचे पाश्चर. हात दुसऱ्याचे आणि निर्णय आपला, हेही स्वावलंबनच. किराणा दुकानदाराला पोती उचलता येत नसतील, तर पोरगा पोती उचलेल. उधारीची वही आणि गल्ला मालकाकडेच राहू द्या. शेतकऱ्याला औत धरता येत नसेल, तर यंदा सोयाबीन घ्यायचं की हरभरा, हे बांधावर खुर्ची टाकून त्यालाच ठरवू द्या.

औषधवाल्या बाबांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. पारव्याच्या रक्ताची मालिश, गुप्त तेल, हातात बांधायची मुळी, अमुक वारी सात फेऱ्या. पैसा जातो आणि सुधारणेचे पहिले मोलाचे महिने जातात, हे तर आहेच. शिवाय या सगळ्या उपायांत रुग्णाने नुसतं पडून राहायचं असतं. व्यायाम मात्र त्याच्याकडून घाम मागतो, म्हणून तो मागे पडतो. आणि ‘मागच्या जन्मीचे भोग’ म्हणणाऱ्यांना एकच विचारावं, रक्तदाबाची गोळी ‘सवय लागते’ म्हणून बंद केली होती ती कुठल्या जन्मात? दुसरा झटका टाळायचा तर ती गोळी रोज घ्यावी लागते, मधुमेह आटोक्यात ठेवावा लागतो, तंबाखू सोडावी लागते.

मग गावाने, गल्लीने करायचं काय? मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५पासून उभी आहे. पण आटपाडीच्या किंवा अक्कलकुव्याच्या माणसाने तिथे रोज कसं जायचं? केरळने दुखण्याईतांच्या शुश्रूषेसाठी शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी विणली. मलप्पुरम-कोळिकोड भागात गावोगावचे स्वयंसेवक आठवड्याला काही तास देऊ लागले, घरी जाऊ लागले, आणि २००८मध्ये राज्य सरकारने त्याला धोरणाचं रूप दिलं. त्यांच्या भेटींत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेलेही असतात. आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ बघावं. मेंदूच्याच दुसऱ्या आजाराचे रुग्ण आणि त्यांचे नातलग नियमित जमतात, सहलीला जातात, नाचाच्या वर्गालासुद्धा जातात. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून अपंगांची संस्था उभी केली. कणव घेऊन आलेल्यांनी नव्हे, ज्यांना गरज होती त्यांनीच ती चालवली. पक्षाघातवाल्यांचं असं मंडळ तालुक्याच्या गावीही निघू शकतं. ज्येष्ठ नागरिक संघाची खोली सकाळी अकरानंतर रिकामीच असते. एकाला झटका येऊन तीन वर्षं झालेली, दुसऱ्याला तीन महिने. तीन वर्षंवाल्याने काठी टेकत येऊन नुसती चपलेची मागची पट्टी एका हाताने कशी लावायची ते दाखवलं, तरी तीन महिनेवाल्याला त्यातून जे कळतं ते तज्ज्ञाच्या तासाभराच्या बोलण्यातून कळणार नाही. बचत गटातल्या बायकांनी पाळी लावून आठवड्यातली एक दुपार घेतली तर घरातल्या त्या एकीला चार तास स्वतःचे मिळतील. चार तासांत ती झोपेल, नाही तर माहेरी जाऊन येईल. त्या तासांचं काय करायचं ते तिने ठरवावं.

पैशाचंही अगदीच अडत नाही. अपंग हक्क कायदा २०१६ साली झाला. पक्षाघाताने आलेलं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर त्याचा दाखला आणि ओळखपत्र मिळतं, त्यावर एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचं बंधन महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींवर आहे. बऱ्याच गावांत तो वर्षाअखेरीला घाईघाईने वाटून टाकतात, नाही तर पडून राहतो. १ मे किंवा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तो विषय मंडळातल्याच माणसाने मांडावा, त्याच्या मुलाने नको. बोलता येत नसेल तर डाव्या हाताने लिहून आणलेला कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हातात द्यावा आणि तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगावं. पहिल्या वर्षी तीनच मागण्या पुरेत. ज्या घरांत गरज आहे तिथे शौचालयात कठडा, उपकेंद्राच्या पायऱ्यांशेजारी उतार, आणि आठवड्यातून एक दिवस गावात येणारा फिजिओथेरपिस्ट. इतिवृत्तात त्या लिहिल्या गेल्या की नाही, ते सही करण्याआधी वाचून घ्यावं.